काहिलीतला लाव्हा

आमच्या विज्ञानपटातल्या ज्वालामुखींच्या ग्रहावर लाव्हा सगळीकडे सारखाच लाल दिसायचा, रंगाचं पाणी सांडल्यासारखा. चूक तिथंच होती. बेसाल्टचा, म्हणजे सह्याद्रीत दिसतो त्या काळ्या कातळाचा, ताजा लाव्हा सुमारे ११०० अंश सेल्सिअसला पिवळसर नारिंगी असतो, ७०० च्या आसपास गडद लाल, मग वर काळी साय धरते. तसे रंग लावले. तरी उकळी खोटीच वाटायची.

शेवटी कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर गेलो. काहिलीत रस आटत आला की फुटणारे जाड बुडबुडे सेकंदाला १२० फ्रेमनं टिपले, २४ नं चालवले. पाचपट संथ झाल्यावर तोच रस अजस्र वाटू लागला! गुळव्यामामांनी चुलवाणापाशी जागा करून दिली, हे विसरणार नाही.

ग्रहाच्या जमिनीसाठी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराचे फोटो होते, पण तिथला खडक तांबूस जांभा. ते टाकून खाणीतला काळा बेसाल्ट घेतला. तो तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा खराखुरा लाव्हाच.