श्वासावाटे होणारा अँथ्रॅक्स: या चुका टाळा

अँथ्रॅक्स हा जिवाणूमुळे होणारा जीवघेणा आजार. श्वासावाटे झाला तर सुरुवात अशी: ताप, कोरडा खोकला, गळून गेल्यासारखं वाटणं. ‘फ्लू दिसतोय’ म्हणून मोकळं होणं ही सगळ्यात घातक चूक. सप्टेंबर-ऑक्टोबर 2001 मध्ये अमेरिकेत पत्रांतून अँथ्रॅक्सचे बीजाणू, म्हणजे जिवाणूचं कवचबंद सुप्त रूप, पाठवले गेले. वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातला एक कर्मचारी रुग्णालयात गेला, पोटाचा आजार समजून त्याला घरी पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी तो दगावला. त्या हल्ल्यात श्वासावाटे लागण झालेल्या 11 जणांपैकी 5 जण गेले.

फ्लूमध्ये नाक वाहतं. यात सहसा वाहत नाही. उलट धाप, छातीत दुखणं, अंग भिजवणारा घाम आणि मळमळ दिसते. एक्स-रेत न्यूमोनियाचा डाग शोधू नका, दोन फुफ्फुसांमधली जागा रुंदावली आहे का आणि फुफ्फुसाभोवती पाणी आहे का ते बघा. शंका राहिली तर सीटी स्कॅन करा. आणि रुग्ण काम कुठे करतो, हे विचाराच.

ब्रेंटवुडची दुसरी चूक मला जास्त सलते. या केंद्रातून गेलेलं बीजाणूंचं पत्र ज्या कार्यालयात उघडलं गेलं, तिथल्यांना लगेच प्रतिजैविकं मिळाली. टपाल कर्मचाऱ्यांना नाही, कारण बंद पाकिटातून बीजाणू बाहेर पडत नाहीत असा समज होता. छाननी यंत्रांच्या दाबाखाली ते बाहेर पडले.

उपचारात अहवालाची वाट पाहू नका. रक्ताचा नमुना आधी घ्या आणि लगेच औषध सुरू करा. सेफॅलोस्पोरिन गटातल्या प्रतिजैविकांवर विसंबू नका, या जिवाणूवर ती चालत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकाबरोबर दुसरं प्रतिजैविकही लागतं, मेंदूज्वर झालाय का हेही तपासावं लागतं. प्रतिजैविक जिवाणू मारतं, त्याने आधीच सोडलेलं विष नाही; त्यासाठी प्रतिविष देतात आणि छातीतलं पाणी काढतात.

नाकाचा स्वॅब निगेटिव्ह आला म्हणून बीजाणूंच्या संपर्कात आलेल्या माणसाची प्रतिबंधक प्रतिजैविकाची गोळी थांबवू नका. बीजाणू फुफ्फुसात आठवडेच्या आठवडे निपचित पडून राहतात. 1979 मध्ये सोव्हिएत संघातल्या स्वर्डलॉव्हस्कला लष्करी प्रयोगशाळेतून ते निसटले, तेव्हा काही जण सहा आठवड्यांनी आजारी पडले. म्हणूनच संपर्कानंतर 60 दिवसांचा कोर्स असतो. 2001 मध्ये तो सांगितलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी मध्येच सोडला.

रुग्णाला मात्र वाळीत टाकू नका. श्वासातला अँथ्रॅक्स एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही.