रशियातली १९०५ ची क्रांती समजून घ्यायचीय? मग असं वाचा

झारपासून सुरुवात करू नका, कारखान्यापासून करा. आधी १८६१ पकडा, भूदास, म्हणजे जमीनदाराला बांधलेले शेतकरी, मोकळे झाले पण जमिनीचे हप्ते मानगुटीवर बसले. मग विट्टे, १८९२ ते १९०३ अर्थमंत्री, रेल्वे, परदेशी भांडवल, रूबल सोन्याला बांधला, एवढं पुरे. १८९७ च्या कायद्याला मात्र थांबा: दिवसाचं काम जास्तीत जास्त साडेअकरा तास, आणि तेसुद्धा पीटर्सबर्गच्या कापडगिरण्यांत संप झाले तेव्हा कुठे मिळालं.

आता पीटर्सबर्गचाच पुतिलोव कारखाना. चार कामगारांना काढलं यावरून जानेवारी १९०५ मधे संप पेटला, आणि फादर गापोन या पाद्र्याच्या मागे माणसं बायकापोरांसकट, झारच्या तसबिरी हातात धरून, झारच्या हिवाळी राजवाड्याकडे निघाली, ८ तासांचं काम द्या म्हणून अर्ज घेऊन, आणि समोरून गोळ्या आल्या. झार तेव्हा शहरात नव्हताच. हे वाचताना दरवेळी पोटात तुटतं माझ्या.

तारखा जपून लिहा हं, हा गोळीबार रशियात तेव्हा चालणाऱ्या जुन्या कॅलेंडरच्या ९ जानेवारीचा, म्हणजे आपली २२, विसाव्या शतकात १३ दिवस मिळवायचे, एकोणिसाव्यात १२, नाहीतर नोट्समधे घोळ होतो. त्यानंतर १९१२ चं लेना, सायबेरियातल्या सोन्याच्या खाणी, सडक्या मांसावरून संप, परत गोळीबार.