बंड्याची मध्यरात्रीची फडफड

आमचा कॉकटील (तुरेवाला छोटा पोपट) बंड्या रात्री दोनला पिंजऱ्यात अशी फडफड करायचा की कोथरूडचा अख्खा फ्लॅट जागा व्हायचा. एकदा तर पंखाचं नवं, अजून रक्त खेळतं असलेलं पीस मोडलं, भिंतीवर थेंब उडाले. कॉर्नफ्लोर चिमटीत घेऊन दाबून धरलं तेव्हा थांबलं. थांबलं नसतं तर पक्ष्यांचे डॉक्टर गाठावेच लागले असते.

आईचा संशय गॅलरीतल्या मांजरावर. पण गुन्हेगार मीच! कॉकटील मिट्ट अंधारात सहज दचकतो, आणि मी प्रेमाने पिंजरा जाड चादरीने चारी बाजूंनी झाकत होतो. फटीतून गाडीचा दिवा फिरला की स्वारी आदळायचीच.

आता एक बाजू उघडी, खोलीत झीरोचा बल्ब, पिंजरा खिडकीपासून लांब. झोका रात्री काढून ठेवतो. झोप मात्र दहा-बारा तास हवीच, म्हणून आठनंतर टीव्ही दुसऱ्या खोलीत (बाबा अजून कुरकुरतात). तरी दचकलाच तर आधी दिवा, मग हळू आवाजात बोलणं. हात आत घालायचा नाही.

गणपतीआधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला तेव्हा धाकधूक होती. एकदाच फडफडला.