हादऱ्यांना घड्याळ, चुंबकाला फूटपट्टी

मी एकोणीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात फेटलिंगला होतो. साच्यातून निघालेल्या नगाची बर, म्हणजे कडांना राहिलेला जादा धातू, ग्राइंडरने काढायची, हे माझं काम. बाराव्या वर्षी एका थंड सकाळी डाव्या करंगळीचं आणि तिच्या शेजारच्या बोटाचं टोक मेणासारखं पांढरं पडलं. टोचलं तरी कळेना. वीसेक मिनिटांनी रंग परतला, तो ठणका घेऊनच.

आता मी नव्या पोरांना अवजारं हाताळायला शिकवतो. मोबाइलच्या आणि वेल्डिंगच्या लहरींनी काय होतं, हे ते मला सारखं विचारतात. हातातल्या ग्राइंडरबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारतं. म्हणून आधी त्याचंच सांगतो.

बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू वर्षानुवर्षं हादरे खाऊन बिघडतात. मग जरा गारवा लागला की वाहिन्या एकदम आवळतात, रक्त पोहोचत नाही आणि बोट पांढरं पडतं. हे काही नवं दुखणं नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडी खाणींवर हवेच्या हातोड्याने दगड घडवणाऱ्या कामगारांचे हात डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये तपासले, तेव्हा त्यांनाही हीच पांढरी बोटं दिसली होती. वेळीच थांबलं तर रक्तवाहिन्यांचा त्रास कमी होऊ शकतो. मज्जातंतूंची बधिरता बहुतेकदा मुक्कामालाच येते.

तेव्हा पहिलं काम हिशेबाचं. हादऱ्याचा जोर मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात मोजतात आणि अवजाराच्या माहितीपुस्तिकेत तो आकडा छापलेला असतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या नियमानुसार आठ तासांच्या पाळीला सरासरी २.५ गाठलं की उपाय सुरू करायचे, आणि ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. मी पोरांना सोपी रीत शिकवतो. ५० ला पुस्तिकेतल्या आकड्याच्या वर्गाने भागा. जेवढे तास येतील, तेवढं काम झालं की २.५ ची पहिली पायरी आली. वरची मर्यादा काढायची असेल तर ५० च्या जागी २०० घ्या. अवजाराचा आकडा ७ असेल तर साधारण एका तासात पहिली पायरी येते आणि चार तासांत मर्यादा. आकडा १० असेल तर अर्ध्या तासात आणि दोन तासांत. म्हणजे हादरा दुप्पट झाला की वेळ निम्मा होत नाही, पाव होतो. हे एकदा स्वतः कागदावर करून बघा. मला ते करून दाखवणारं कोणी भेटलं नव्हतं.

वेळ धरायचा तो फक्त बटण दाबलेला. स्टॉपवॉच लावून एक दिवस नीट मोजा. आणि छापील आकडा नव्या, नीट राखलेल्या अवजाराचा असतो हे विसरू नका. झिजलेली किंवा एका बाजूला खाल्लेली डिस्क, सैल झालेलं बेअरिंग यांनी तो वाढतो. मी स्वतः तो दीडपट धरतो.

मूठ आवळून धरली की हादरा हाताच्या आत जास्त शिरतो. ताबा सुटणार नाही इतपतच घट्ट धरा, कापण्याचं काम डिस्कला करू द्या. हात गरम ठेवा, मध्ये मध्ये बोटं चोळा. तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडाच, कारण निकोटीननेही त्याच वाहिन्या आवळतात. हादरारोधक म्हणून मिळणाऱ्या हातमोज्यांवर फार विसंबू नका. हळू, मोठे हादरे ते अडवत नाहीत. ऊब देतात, तेवढ्यासाठी घाला.

बसून यंत्र चालवणाऱ्यांचं थोडक्यात. उभ्या दिशेने सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणारे हादरे शरीराला सगळ्यात जास्त जाणवतात आणि कंबर धरते ती त्यांनीच. सीट आपल्या वजनाला जुळवून घ्या, खडबडीत जागी वेग कमी करा, आणि दिवसभर चालवल्यावर केबिनमधून उडी मारू नका. पायरी धरून उतरा.

आता लहरींचं. विजेच्या तारा आणि मोटारींभोवतीचं हळू बदलणारं चुंबकक्षेत्र शरीरात बारीकसा प्रवाह निर्माण करतं. क्षेत्र फार जोरदार असेल तर मज्जातंतू खरोखर चेततात. फ्रेंच शास्त्रज्ञ द'आर्सोन्व्हाल यांनी १८९६ मध्येच नोंदवलं होतं, की मोठ्या वेटोळ्यात डोकं घातलं तर डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकतो. मोबाइलच्या लहरी त्याहून कितीतरी वेगाने बदलतात आणि पेशींना फक्त किंचित ऊब देतात. रेणू तोडण्याइतकी ताकद त्यांच्या एकेका कणात नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये विजेच्या चुंबकक्षेत्राला आणि २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातलं. पुरावा अपुरा आहे, पण शक्यता पुरती नाकारता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

टॉवरमुळे डोकं दुखतं असं कोणी सांगितलं तर मी त्याचं दुखणं खोटं मानत नाही. पण लहरी चालू आहेत की बंद हे न सांगता चाचण्या घेतल्या, तेव्हा अशा लोकांना फरक ओळखता आला नाही. मग खरं कारण शोधायचं राहून जातं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

इथे घड्याळापेक्षा फूटपट्टी कामाची. मोटारीला किंवा ट्रान्सफॉर्मरला चिकटून बसाल तर क्षेत्र बरंच असतं, हातभर सरकलात की झपाट्याने उतरतं. फोनचं रेंज कमी असेल तेव्हा तो जास्त जोराने लहरी सोडतो, म्हणून अशा वेळी इअरफोन लावून बोला. वेल्डिंगची केबल खांद्यावर टाकू नका, अंगाभोवती गुंडाळू नका. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही केबल एकत्र, अंगाच्या एकाच बाजूने घ्या; दोघींची क्षेत्रं एकमेकींना बरीचशी खोडतात.

खरा धोका आहे तो पेसमेकरवाल्यांना. माझ्या थोरल्या भावाला पेसमेकर बसला तेव्हा घरच्यांनी त्याचा मोबाइलच काढून घेतला. दोन महिन्यांनी तो वेल्डिंगची केबल गळ्यात घालून काम करत होता, आणि कोणी हटकलं नाही. फोन पेसमेकरपासून १५ सेंटीमीटर दूर, विरुद्ध कानाला धरला तर चालतो. फक्त छातीच्या खिशात नको. इंडक्शन शेगडीपासून ६० सेंटीमीटर अंतर ठेवा. वेल्डिंग मात्र डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय नाही, आणि एमआरआयच्या खोलीबाहेरच पेसमेकरचं कार्ड दाखवा.

बोटांच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जाताना एक करा. पांढरेपणा दवाखान्यात दिसत नाही, तो थंड सकाळी येतो आणि जातो. म्हणून आला की लगेच फोटो काढा. मुद्दाम गार पाण्यात हात बुडवून तो आणू नका. कोणती बोटं, कोणत्या पेरापर्यंत, किती मिनिटं, हे लिहून ठेवा. सोबत अवजाराचं नाव आणि बटण दाबलेला रोजचा वेळ द्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी थंडीचं विचारलं, विडीचं विचारलं. हातात काय धरतोस हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यानंतर आणखी सात वर्षं मी तोच ग्राइंडर चालवला. आज शर्टाचं बटण लावताना मला डाव्या हाताच्या बोटांकडे बघावं लागतं, कारण बटण बोटांत आहे की नाही हे त्यांना कळत नाही.