विंडोज ११ वर आल्यावर घड्याळ हवे तसे करून घेताना

विंडोज १० ची नेहमीची अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यामुळे चांगले चालणारे संगणकही अकरावर न्यावे लागले. मग कोपऱ्यातले घड्याळ खटकायला लागते. १४:०५ च्या जागी २:०५ पीएम येते, ०५-०३-२०२६ ही तारीख ३/५/२०२६ अशी उलटी होऊन बसते. दुरुस्ती पाच मिनिटांची आहे, पण ती क्रमाने करावी लागते.

आधी नेमके काय बिघडले ते बघा. तास-मिनिटेच चुकत असतील तर मांडणीला, म्हणजे तारीख-वेळ कशी दाखवायची त्या नमुन्याला, हात लावू नका. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम इथे टाइम झोन 'यूटीसी +०५:३०, चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' हाच आहे ना, ते तपासा. त्याच संगणकावर विंडोजशेजारी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणालीही असेल आणि फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल, तर भांडण त्या दोघांचे आहे: मदरबोर्डवरचे घड्याळ लिनक्स जागतिक वेळेचे धरते, विंडोज स्थानिक वेळेचे. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितले की मिटते.

वेळ बरोबर आणि फक्त दिसणे बदललेले असेल, तर कारण बहुतेक वेळा विंडोज नव्याने टाकण्यात असते. जुन्यावरच अपग्रेड केले तर सहसा आपली मांडणी टिकते. डिस्क कोरी करून टाकताना मात्र सुरुवातीलाच 'टाइम अँड करन्सी फॉरमॅट' विचारतात, तिथे घाईत 'इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)' तसेच राहून जाते. महिना आधी, दिवस नंतर, आणि बारा तासांचे घड्याळ ही त्याचीच देणगी. आकड्यांतले स्वल्पविरामही बघा. १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ दिसत असेल तर निदान पक्के.

म्हणून पहिली पायरी: टाइम अँड लँग्वेजमध्ये लँग्वेज अँड रीजन उघडा आणि रीजनल फॉरमॅट 'इंग्लिश (इंडिया)' करा. 'मराठी (इंडिया)' निवडले तर वार आणि महिने मराठीत येतात, बाकी विंडोज इंग्रजीतच राहते. ही निवड सगळ्यात आधी करायची, कारण नंतर ती बदलली की हाताने केलेले बारीक बदल पुसले जातात.

शेजारच्या 'चेंज फॉरमॅट्स'मध्ये शॉर्ट टाइम, लाँग टाइम, शॉर्ट डेट वगैरे तयार नमुने मिळतात. कोपऱ्यातले घड्याळ शॉर्ट टाइम आणि शॉर्ट डेट वापरते. तयार नमुन्यांत मनासारखे नसेल तर 'रीजन' नावाची जुनी खिडकी उघडा. विंडोज कळ आणि आर एकत्र दाबा, आय एन टी एल, टिंब, सी पी एल असे सलग टाइप करून एंटर. मग 'अडिशनल सेटिंग्ज' आणि त्यातला 'टाइम' हा टॅब. इथे नमुना स्वतः लिहिता येतो.

नमुन्यात इंग्रजी एच तासांचा, एम मिनिटांचा, एस सेकंदांचा. लहान एच म्हणजे बारा तासी, मोठा एच म्हणजे चोवीस तासी. अक्षर दोनदा लिहिले तर एकेरी आकड्याआधी शून्य लागते. दोन लहान टी लिहिले तिथे एएम-पीएम उमटते. सगळ्यात घातक चूक म्हणजे लहान एच लिहून दोन टी विसरणे. मग पहाटेचे ४ आणि संध्याकाळचे ४ सारखेच दिसतात. तारखेच्या टॅबमध्ये मात्र महिन्याला मोठा एम लागतो.

त्याच टॅबमध्ये एएम आणि पीएमची चिन्हे बदलता येतात. 'सकाळ' आणि 'दुपार' लिहायचा मोह होतो, पण रात्रीच्या २ ला 'सकाळ' दिसेल आणि रात्रीच्या ११ ला 'दुपार'. पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र एवढे आपले प्रहर, आणि विंडोजकडे खाने दोनच. 'म.पू.' (मध्यान्हपूर्व) आणि 'म.नं.' (मध्यान्हानंतर) हे कोरडे असले तरी बरोबर ठरतात. 'रीसेट' बटण जपून दाबा. ते वेळेबरोबर तारीख, आकडे आणि चलनही मूळपदावर नेते.

वेळेशी कितीही खेळा, शॉर्ट डेटशी नको. ती फक्त दिसण्यापुरती नाही, कारण इतर प्रोग्रॅम तीच वापरून तारखा वाचतात. अमेरिकी मांडणीत ०५-०३-२०२६ असलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये उघडली, की ५ मार्चचा गुपचूप ३ मे होतो. २५-०३-२०२६ ला पंचविसावा महिना सापडत नाही, म्हणून ती नुसता मजकूर बनून चौकटीत डावीकडे चिकटते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की फाइल सेव्ह न करता बंद करा, मांडणी सुधारा, एक्सेल नव्याने सुरू करून फाइल पुन्हा उघडा. सेव्ह केलीत तर कोणत्या तारखा उलटल्या हे नंतर शोधणे अवघड.

बॅकअपच्या बॅच फाइलीही, म्हणजे आज्ञा ओळीने लिहून ठेवलेल्या छोट्या स्क्रिप्ट, इथेच अडतात. फाइलच्या नावात तारीख घालणारी स्क्रिप्ट शॉर्ट डेट जशीच्या तशी उचलते, आणि तिरकी रेघ विंडोजमध्ये फाइलच्या नावात चालत नाही. डॅश ठेवा. वार हवा म्हणून शॉर्ट डेटमध्ये तो घुसवला तरी अशा स्क्रिप्ट कोलमडतात. वार बघायला घड्याळावर माउस नेला की पुरते, तिथे लाँग डेट दिसते.

सेकंद हवे असतील तर सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेव्हिअर्स इथे तळाशी सेकंदांची खूण आहे. २०२१ साली अकरा आले तेव्हा ही सोय नव्हती, ती २०२३ मध्ये परतली. जास्त वीज लागते असे तिथेच लिहिले आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालत असेल तर बंदच ठेवा. आणि मांडणीत दोन टी असूनही पीएम दिसत नसेल, तर डेट अँड टाइममध्ये 'शो अब्रिव्हिएटेड टाइम अँड डेट' चालू आहे का बघा. ते पीएम आणि वर्ष दोन्ही गाळते.

एवढे करूनही संगणक सुरू होताना पहिल्या पडद्यावर वेळ जुन्याच मांडणीत दिसते, कारण तो पडदा तुमच्या खात्याचा नसतो. त्याच रीजन खिडकीत 'अॅडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅब, 'कॉपी सेटिंग्ज', आणि 'वेलकम स्क्रीन अँड सिस्टम अकाउंट्स' वर खूण. संगणक घरात अनेक जण वापरत असतील तर 'न्यू यूजर अकाउंट्स' वरही करा. आधीपासून असलेल्या दुसऱ्या खात्यांना हे लागू होत नाही, त्यांत शिरून वेगळे बदलावे लागते. शेवटी रीस्टार्ट. मायक्रोसॉफ्टचा ईमेलचा प्रोग्रॅम, नवे आउटलुक, याला जुमानत नाही. त्याची वेळेची मांडणी त्याच्याच सेटिंग्जमध्ये, जनरलखाली 'लँग्वेज अँड टाइम' इथे असते.