लेकरांना घेऊन समुद्रावर जाताय? आधी उतार बघा

कोकणात गाव निवडताना फोटो सगळेच सुंदर दिसतात. पोरं लहान असतील तर मी एकच बघते, किनाऱ्याचा उतार. दिवेआगर किंवा दापोलीजवळचं कर्दे इथली पुळण सपाट आहे. बरंच आत गेलं तरी पाणी गुडघ्याच्या आसपास. गणपतीपुळ्याला देवळापुढेच समुद्र, दर्शन सुरेख होतं, पण तिथे पाणी पटकन खोल होतं. तिथे आमचे फक्त पाय भिजतात.

मग भरतीची वेळ. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, पुनवेला सव्वाअकराच्या. साधारण सहा तासांनी ओहोटी. भरती ओसरायला लागायच्या आत मुलं पाण्याबाहेर हवीत म्हणून आम्ही जायची तारीख कॅलेंडर बघूनच ठरवतो. (सासूबाईंना वाटतं मुहूर्त काढतोय!)

राहायला वाडीतलं घरच घ्या, किनाऱ्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर. ओल्या चड्डीतलं, वाळूने माखलेलं पोर गाडीत बसवायला लागत नाही आणि विहिरीवर दोन बादल्यांत काम होतं. जेवण मात्र सकाळीच सांगून ठेवा, आयत्या वेळी उकडीचे मोदक मिळत नाहीत.