यूव्ही-के5 मध्ये ओपन सोर्स फर्मवेअर टाकताना

क्वानशेंगच्या यूव्ही-के5 या वॉकीटॉकीचं सर्किट खुलं नाही, खुलं आहे ते त्यासाठी हौशी लोकांनी लिहिलेलं फर्मवेअर, म्हणजे सेट चालवणारं आतलं सॉफ्टवेअर. 2023 पासून ते फुकट मिळतं, आणि त्यामुळे या स्वस्त हँडीत स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल आहे त्याचा आलेख) दिसतो, एसएसबी (हॅम लोकांची बोलण्याची एक पद्धत) ऐकता येतं. पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबायला हॅम (हौशी रेडिओ) परवाना लागतोच.

सेट घेताना आवृत्ती विचारून घ्या. नव्या व्ही3 मध्ये प्रोसेसर वेगळा आहे, जुन्या के5 ची फाइल तिथे चालत नाही. सोबत दोन पिनांची केनवूड पद्धतीची प्रोग्रॅमिंग केबल हवी. जुन्या के5 चा टाइप-सी पोर्ट फक्त चार्जिंगचा आहे.

बहुतेकांचं घोडं केबलपाशीच अडतं. प्लगभोवतीचं प्लास्टिक सेटच्या कडेला अडतं आणि पिना अर्ध्याच आत जातात. 'टक्' असं जाणवेपर्यंत दाबा. तरी नाही बसलं तर प्लगची कड ब्लेडने थोडी तासा. विंडोजमध्ये पोर्टच दिसत नसेल तर केबलमधल्या सीएच340 चिपचा ड्रायव्हर टाका. उबुंटूवर ब्रेल्टी नावाची सेवा हा पोर्ट बळकावते, ती काढून टाका आणि आपलं खातं डायलआउट गटात (ज्याला असा पोर्ट वापरता येतो) घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: कॅलिब्रेशनचा, म्हणजे सेटच्या जुळवणीच्या आकड्यांचा, बॅकअप. सेटच्या 8 केबी ईईप्रॉममधले (सेटिंग साठवणाऱ्या चिपमधले) शेवटचे 512 बाइट कारखान्यात त्याच एका सेटसाठी जुळवलेले असतात. ते गेले तर पॉवर, एस-मीटर (सिग्नलची ताकद), बॅटरीचा आकडा सगळंच चुकतं, आणि मित्राच्या सेटची फाइल टाकून ते नीट होत नाही. सेट नेहमीसारखा चालू करा, क्रोममध्ये यूव्हीटूल्स ही वेबसाइट उघडा, कॅलिब्रेशन वाचा आणि फाइलला सेटचा सीरियल नंबर देऊन पेनड्राइव्हवरही ठेवा.

मग सेट बंद करा. पीटीटी दाबून धरूनच नॉब फिरवा. स्क्रीन कोरी राहिली आणि टॉर्च लागला की सेट फर्मवेअर घ्यायला तयार आहे. एगझुमर या खुल्या फर्मवेअरची फाइल निवडून पाठवा. लोडशेडिंगची वेळ टाळा, नाहीतर लॅपटॉप बॅटरीवर असू द्या. मधेच तुटलं तरी घाबरू नका: फर्मवेअर भरून घेणारा छोटा प्रोग्रॅम (बूटलोडर) वेगळ्या जागी असतो, पुन्हा पीटीटी धरून पहिल्यापासून पाठवा.

पुढे पीटीटी आणि त्याखालचं वरचं साइड बटण एकत्र दाबून सेट चालू केला की लपलेला मेनू उघडतो. तिथे एफ-लॉक (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलता येईल ते ठरवणारी सेटिंग) 'सीई हॅम' वर ठेवा. त्यात 144–146 आणि 430–440 मेगाहर्ट्झ खुले होतात. आपल्याकडे यूएचएफवर (430 च्या पट्ट्यात) मात्र 434–438 मध्येच राहायचं. 'अनलॉक ऑल' ला हात लावू नका. पोलिसांच्या किंवा विमानांच्या चॅनेलवर चुकून गेलेली एक हाक कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

चॅनेल भरायला चर्प हा कंप्युटरवरचा प्रोग्रॅम वापरा, पण जुनी फाइल थेट लिहू नका. आधी सेटमधून नव्याने वाचा, मग त्यातच भरा. 2 मीटरच्या (144–146 च्या पट्ट्यातल्या) रिपीटरला, म्हणजे आपला सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्राला, सहसा उणे 600 किलोहर्ट्झ शिफ्ट (ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) लागते. टोन (आवाजासोबत जाणारा ओळखीचा सूर) विसरलात तर रिपीटर उघडणारच नाही.

शेवटी रेंज. सोबतचा आखूड अँटेना टिनाच्या छपराखाली जवळजवळ आंधळा होतो, म्हणून बाहेर धुऱ्यावर किंवा स्लॅबवर या. 49 सेंटिमीटर लवचिक तार घ्या, एका टोकाचं 2 सेंटिमीटर आवरण सोला, ते अँटेनाच्या बुडाशी असलेल्या धातूच्या आट्यांवर एक वेढा देऊन अँटेना घट्ट फिरवा. मधल्या पिनेला तार शिवता कामा नये. तार खाली मोकळी लोंबू द्या. 2 मीटरवर फरक लगेच कळतो. 435 मेगाहर्ट्झसाठी तीच तार 16.5 सेंटिमीटरची करा.

मे महिन्यात बॅटरी पहाटे चार्ज करा. 45 अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करू नये, आणि आपल्याकडे दुपारी टिनाखाली पारा तेवढा सहज जातो.